नावाची झाडं आणि लपवलेला डबा

हातातलं काम चालू असू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही इतिहासातली एक गोष्ट घेऊन आलो आहोत. तिच्यात झाडं आहेत, एक कपड्यांचा कारखाना आहे, आकाशातले उपग्रह आहेत आणि एक लपवून ठेवलेला डबाही आहे. या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. तो संबंध नावाचा आहे. माणसाचं नाव कुठे लिहून ठेवलं, आणि लिहिलेलं वाचायला कोण येतं, एवढाच आजचा विषय.

आधी आपल्याकडचं बोलू. पावसाळा आला की गावोगाव झाडं लागतात. शाळेत लागतात, पंचायतीच्या पडक्या जागेत लागतात, आपले बचत गटही लावतात. रजिस्टरला नोंद होते, ‘५०० रोपे लावली.’ फोटो निघतो. दोन वर्षांनी त्या जागेवरून जाताना विचारलं, की हे झाड कोणी लावलं, कशासाठी लावलं, तर सांगणारं कोणी सापडत नाही. ५०० हा आकडा तेवढा रजिस्टरमध्ये शिल्लक असतो. आकडा आणि नाव यांच्यात फरक किती असतो, ते समजून घ्यायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

दगडावरचा आकडा

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झालं. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. त्या लढाईत हिंदुस्थानातून तेरा लाखांहून जास्त माणसं गेली. कोणी शिपाई म्हणून, कोणी खेचरं हाकायला, कोणी रस्ते बांधायला, कोणी दवाखान्यात काम करायला. त्यातली ७० हजारांहून जास्त परत आली नाहीत. आपल्या मराठी मुलखातून, विशेषतः सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर या भागांतून पुष्कळ जण गेले. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. त्या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले.

युद्ध संपल्यावर सरकारने अनेक गावांत संगमरवरी फरशा बसवल्या. चावडीच्या भिंतीत, देवळाच्या पाराजवळ किंवा शाळेच्या ओट्यावर अशी फरशी अजूनही दिसते. तिच्यावर काय लिहिलेलं असतं? या गावातून अमुक इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी तमुक इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. सगळीकडे मजकूर एकसारखा, फक्त आकडे बदललेले. त्यात नाव एकाचंही नाही.

मैत्रिणींनो, त्या ‘तमुक इतक्यां’मध्ये कोणाचा तरी नवरा होता, कोणाचा मुलगा होता. ज्या बाईने त्याची वाट पाहिली, तिला त्या फरशीवर बोट ठेवून ‘हा माझा’ असं म्हणता आलं नसेल. आणि तिचं स्वतःचं नाव तर कुठेच नव्हतं. आज त्या गावातल्या मुलांना विचारलं, तर बहुतेकांना ती फरशी नुसती एक जुनी पाटी वाटते. ज्यावर नाव नाही त्याच्याशी नातं कसं लावायचं?

पाचशे शिवणकाम करणाऱ्या बायका

त्याच युद्धाच्या काळात, समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात, बायकांच्या एका गटाने वेगळं काम करून ठेवलं. व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅट नावाचं शहर आहे. पूर्वी तिथे सोनं सापडलं, त्यामुळे ते वाढलं. तिथे ‘लुकास’ नावाचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. १८८८ साली एलिनॉर लुकास या बाईंनी घरातून शिवणकाम सुरू केलं आणि त्यातून हा कारखाना उभा राहिला. घरातली शिलाई मशीन आणि तिच्यावर उभा राहिलेला धंदा, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे सुमारे ५०० बायका-मुली काम करत होत्या. गावात सगळे त्यांना ‘लुकास गर्ल्स’, म्हणजे लुकासच्या पोरी म्हणत.

ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखही नव्हती. त्यातून चार लाखांहून जास्त माणसं लष्करात भरती झाली आणि साठ हजारांहून जास्त मेली. परदेशी लढायला सक्तीने पाठवायचं की नाही, यावर तिथे १९१६ आणि १९१७ अशी दोनदा जनतेची मतं घेतली गेली. त्या देशात बायकांना १९०२ पासून देशाच्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला होता, म्हणून या दोन्ही वेळी बायकांनीही मतं दिली. दोन्ही वेळा लोकांनी सक्तीला नकार दिला. म्हणजे जे गेले ते सगळे आपणहून गेले होते.

पण गेलेला माणूस मेला तर त्याचा देह घरी येत नसे. जिथे पडला त्याच देशात, तुर्कस्तानात नाहीतर फ्रान्समध्ये, त्याला पुरलं जाई. इंग्रजी साम्राज्याचा तसा नियमच होता. बोटीने जायचं म्हटलं तरी आठवडेच्या आठवडे लागत आणि गरिबाच्या घरी तेवढा पैसा कुठला? त्यामुळे हजारो आयांना मुलाच्या कबरीवर एक फूलही ठेवता आलं नाही. रडायचं तर कुठे जाऊन रडायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

लुकास कारखान्याच्या संचालकांमध्ये टिली थॉम्पसन नावाच्या बाई होत्या. त्यांनी सुचवलं, की गावातून जो कोणी भरती झाला आहे, त्या प्रत्येकाच्या नावाने रस्त्याकडेला एक झाड लावू. पुढाऱ्यांनी येऊन नुसतं उद्घाटन करायचं असं हे काम नव्हतं. कारखान्यातल्या बायकांनी ते स्वतः अंगावर घेतलं. पैसा उभा करायला त्यांनी बाहुल्या करून विकल्या, करमणुकीचे कार्यक्रम केले. ३ जून १९१७ रोजी पहिली लागवड झाली. तेव्हा युद्ध चालूच होतं. १९१९ पर्यंत लागवड होत राहिली आणि शहराबाहेर पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे २२ किलोमीटरपर्यंत झाडांची रांग उभी राहिली. झाडांची संख्या ३,७०० च्या वर गेली. एल्म, अ‍ॅश, पॉप्लर, मेपल अशी तिकडची झाडं ती. त्या रस्त्याला ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ ऑनर’ म्हणतात. आपण सन्मानाचा रस्ता म्हणू.

या कामातल्या तीन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, झाड एकेका माणसाचं होतं. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि प्रत्येक झाडाजवळ नावाची धातूची पाटी. दगडावर आकडा कोरून मोकळं व्हायचं, असं त्यांनी केलं नाही. भरती झालेल्या परिचारिकांचाही त्या रस्त्यावर मान आहे.

दुसरी गोष्ट, क्रम. झाडांचा क्रम भरतीच्या तारखेप्रमाणे लावला. मोठा अधिकारी पुढे आणि साधा शिपाई मागे, असं ठेवलं नाही. त्यामुळे एकाच दिवशी नाव नोंदवायला गेलेल्यांची झाडं रस्त्यावरही जवळजवळ आली. पाटीवर कुठेही न लिहिलेली गोष्ट नुसत्या क्रमाने सांगितली.

तिसरी गोष्ट, झाड फक्त मेलेल्यांचं नव्हतं. जो गेला त्या प्रत्येकाचं होतं. मुलगा जिवंत असताना आई झाडाला पाणी घालायला जाऊ शकत होती. तो परत आला तर स्वतःचं झाड पाहू शकत होता. आणि नाही आला, तर तिला जायला एक जागा होती.

रस्त्याच्या तोंडाशी मोठी कमान बांधली गेली. २ जून १९२० रोजी इंग्लंडच्या युवराजाने तिचं उद्घाटन केलं. तेव्हा या पोरींनी त्याला भेट काय द्यावी? पिवळ्या रेशमी कापडाचा पायजम्याचा जोड, ज्यात कारखान्यातल्या बायकांनी एकेक टाका घातला होता! राजाच्या पोराला झोपताना घालायचे कपडे भेट देणाऱ्या त्या बायका भीडभाड न ठेवणाऱ्या असणार, असं आम्हाला वाटतं.

आज तो रस्ता तिथल्या राज्याने वारसा म्हणून जपला आहे. काही झाडं गेली, त्यांच्या जागी नवी लावली. पण एक बोच राहतेच. झाडांवर सैनिकांची नावं आहेत. ज्या ५०० जणींनी ती लावली, त्या इतिहासात ‘लुकासच्या पोरी’ म्हणूनच राहिल्या. शिपायाला नाव मिळालं आणि लावणारीच्या वाट्याला पुन्हा आकडाच आला. हे आपण लक्षात ठेवू, पुढे उपयोगाला येईल.

डबा शोधण्याचा खेळ

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. पाटी लावली, झाड वाढलं, तरी एक अडचण उरते. पाटी वाचणार कोण? रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस रोजची पाटी वाचत नाही. नजरेला सवय झाली की दिसलेलंही दिसेनासं होतं. या अडचणीवर इलाज ठरू शकेल असा एक खेळ जगात चालतो. त्याचं नाव जिओकॅशिंग. ‘कॅश’ म्हटलं की आपल्याला कॅशबुक आठवतं, पण इथे रोख रकमेचा काही संबंध नाही. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ लपवणं असा आहे, आणि ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी. पृथ्वीवर कुठेतरी लपवलेला डबा शोधायचा, एवढाच खेळ.

या खेळाचं मूळ जुनं आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचा ओसाड माळ आहे. तिथे जेम्स पेरट नावाचा वाटाड्या पाहुण्यांना फिरवून आणत असे. १८५४ साली त्याने माळावरच्या एका दुर्गम, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. जो कोणी एवढी पायपीट करून पोहोचेल, त्याने आपल्या नावाची चिठ्ठी तिच्यात टाकायची. पुढे अशा जागा वाढल्या, बाटलीच्या जागी पेट्या आल्या, वह्या आल्या, रबरी शिक्के आले. लोक कोड्यावरून पेटी शोधू लागले. पेटीतला शिक्का आपल्या वहीत मारायचा आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत. ‘मी इथे आलो होतो’ याची ती नोंद.

मग आले उपग्रह. अमेरिकेच्या लष्कराने आकाशात उपग्रह सोडून जागा ओळखण्याची पद्धत तयार केली. तिलाच जीपीएस म्हणतात. पृथ्वीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह फिरतात आणि सतत वेळेचा संदेश पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून आपल्या हातातलं यंत्र आपण कुठे आहोत ते काढतं. सुरुवातीला सामान्य माणसांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवलेला असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक येई. म्हणजे तुम्ही विहिरीवर उभ्या आणि यंत्र दाखवणार पलीकडच्या वावरात! मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने हा बिघाड काढून टाकला आणि एका रात्रीत साध्या यंत्रालाही जागा पुष्कळ अचूक कळू लागली.

त्यानंतर लगेच, ३ मे २००० रोजी, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, थोडी पुस्तकं, एक गलोल आणि शेंगांच्या दाण्यांचा एक बंद डबा अशा वस्तू होत्या. जागेचे आकडे त्याने जाहीर केले. नियम सोपा. सापडलं तर एखादी वस्तू घ्या, बदल्यात एखादी ठेवा, आणि वहीत नाव लिहा. तीन दिवसांच्या आत लोकांनी ती बादली शोधून काढली. सर्वांत आधी शोधणाऱ्याचं नाव माइक टीग. तिथून खेळ पसरत गेला आणि आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

झाडं आणि डबा एकत्र कसे येतात

खेळाचे पुढे प्रकार पडले. एका प्रकारात डब्याची जागा सरळ सांगत नाहीत. आधी कोडं सोडवावं लागतं. कोड्याची उत्तरं शहरातल्या पाट्यांवर, स्मारकांवर, बागेतल्या स्मृतिवृक्षांवर असतात. पाटी वाचायची, तिच्यावरचा आकडा टिपायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. सगळे आकडे जुळले की डब्याची जागा निघते.

हे नीट कळण्यासाठी मनातल्या मनात एक बाग उभी करू. समजा, साताऱ्याच्या बाजूच्या एका गावात छोटी बाग आहे. तिच्यात आठवणीची सहा झाडं आहेत. जागेचे आकडे दोन असतात, एक उत्तरेचा आणि एक पूर्वेचा. त्या भागात उत्तरेचा आकडा १७ अंश ४१ मिनिटं आणि पुढे काही अपूर्णांक असा येतो. पूर्वेचा ७३ अंश ५९ मिनिटं आणि पुढे अपूर्णांक. हे मिनिट घड्याळातलं नाही, अंशाचा साठावा भाग. अपूर्णांकाचे तीन-तीन, म्हणजे एकूण सहा आकडे आपल्याला झाडांकडून काढायचे आहेत.

वडाची पाटी सांगते, की हे झाड गावातल्या सुईण आजींच्या आठवणीत १९९४ साली लावलं. वर्षाचा शेवटचा आकडा घ्या, ४. चिंच आहे पुरात गेलेल्या माणसांची. पाटीवर किती नावं आहेत ती मोजा, ३. कडुनिंब आहे गावात पहिल्यांदा दहावी पास झालेल्या मुलीचा, लावला जुलै महिन्यात. म्हणून ७. झाला उत्तरेचा आकडा, १७ अंश ४१.४३७ मिनिटं.

आता पूर्वेचा. आंबा आहे गावच्या पहिल्या महिला सरपंचांचा. त्या १९९७ साली निवडून आल्या आणि २००२ साली पायउतार झाल्या. किती वर्षं कारभार केला? ५. जांभूळ आहे गावातल्या पहिल्या बचत गटाचं, सभासद होत्या १२. एक आणि दोनची बेरीज करा, ३. पिंपळ लावला ८ तारखेला. म्हणजे ७३ अंश ५९.५३८ मिनिटं.

आता हिशेबाचा ताळा. कोडं घालणारी शेवटी सांगते, की सहाही आकड्यांची बेरीज ३० यायला हवी. चार, तीन, सात, पाच, तीन, आठ. करून बघा, ३० येते. नाही आली तर कुठेतरी पाटी नीट वाचली नाही, परत जा. ताळा कशाला असतो, हे कॅशबुक लिहिणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

इथे अचूकपणाला किंमत आहे. शेवटचा आकडा एकाने चुकला तर आपण दोन-अडीच पावलं बाजूला जातो. मधला चुकला तर अठरा मीटर. आणि पहिला चुकला तर जवळजवळ पावणेदोनशे मीटर, म्हणजे थेट गावाबाहेर. म्हणून ‘पाटी वाचली’ म्हणून चालत नाही, ती खरंच वाचावी लागते.

या खेळात काय झालं, बघा. दहा वर्षांच्या पोराला डबा हवा आहे. त्याला सुईण आजींशी काही देणंघेणं नाही. पण डब्यासाठी त्याला त्यांची पाटी वाचावी लागली. पुरात गेलेल्यांची नावं एकेक करून मोजावी लागली. आधी ‘सुईण म्हणजे काय?’ असं घरी विचारावं लागलं, मग आजी सांगू लागली, की दवाखाना नव्हता तेव्हा अर्ध्या गावाची बाळंतपणं त्या बाईने केली. डबा शोधण्याच्या निमित्ताने ते नाव पुन्हा कोणाच्या तरी तोंडी आलं. ही फरशी कोणाची, असं कोणी विचारणारं आलं नाही, म्हणूनच तर त्या दगडावरच्या आकड्यांमागची माणसं विसरली गेली.

आपल्याकडची नावाची झाडं

आठवणीचं झाड आपल्याकडे नाही असं नाही. राजस्थानात राजसमंद जिल्ह्यात पिपलांत्री नावाचं गाव आहे. आजूबाजूला संगमरवराच्या खाणी. श्यामसुंदर पालीवाल तिथे २००५ साली सरपंच झाले. त्यांची मुलगी वारली. तिच्या आठवणीत झाड लावण्यापासून गावाची रीत सुरू झाली. गावात मुलगी जन्मली की १११ झाडं लावायची. तिच्या नावाने बँकेत ठेव ठेवायची. आई-वडिलांनी लिहून द्यायचं, की तिला शिकवू आणि कायद्याचं वय झाल्याशिवाय तिचं लग्न करणार नाही. राखी पौर्णिमेला मुली झाडांना राख्या बांधतात. झाडांभोवती कोरफड लावली आणि तिच्यापासून माल तयार करून बायकांना चार पैसे मिळू लागले. पालीवालांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे झाड जन्माच्या आनंदाचं आहे आणि मुलीच्या हक्काची साक्षही आहे.

आपल्या महाराष्ट्रातही २०१८ मध्ये ‘कन्या वन समृद्धी योजना’ आली. शेतकऱ्याच्या घरी मुलगी झाली तर दहा रोपं द्यायची. त्यात ५ साग, २ आंबे आणि फणस, जांभूळ, चिंच प्रत्येकी १. शिवाय अलीकडे बऱ्याच गावांत माणूस गेल्यावर रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा करून त्यात टाकतात आणि तिथे झाड लावतात. नदीही वाचते, आठवणही राहते. म्हणजे झाडं आहेत. पाट्या मात्र नाहीत, आणि नोंदी त्याहून नाहीत. सासूबाईंच्या रक्षेवर लावलेला आंबा नातवाला ‘बांधावरचा आंबा’ एवढाच माहीत राहतो.

मग आपण काय करू शकतो

आमचं म्हणणं असं, की याला कोणत्या निधीची वाट पाहायला नको. रजिस्टर आपल्याकडे आहे, लिहिता येणाऱ्या आपल्याकडे आहेत.

पहिलं काम नोंदीचं. पुढच्या मासिक सभेत गटाच्या वहीतली चार पानं झाडांसाठी सोडा. प्रत्येक झाडाची एक ओळ. झाड कोणतं, कुठे आहे, कोणाच्या आठवणीत किंवा कोणाच्या जन्मानिमित्त, कोणत्या तारखेला लावलं. आणि शेवटचे दोन रकाने विसरू नका. लावलं कोणी, पाणी घालतं कोण. तिथे ‘बचत गट’ असं मोघम लिहू नका. बाईचं पूर्ण नाव लिहा. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सून’ हेही चालणार नाही. बॅलरॅटच्या त्या पाचशे जणींचं जे झालं ते आपलं होऊ नये.

दुसरं काम पाटीचं. पत्र्याची चालेल, फरशीच्या तुकड्यावर रंगाने लिहिलेली चालेल. पण झाडाला खिळा मारू नका, तार आवळून बांधू नका. खोड जाड होतं तशी तार सालीत रुतते आणि झाड मरतं. पाटी खुंटीला लावून झाडाशेजारी रोवा. नाव, तारीख आणि ती व्यक्ती कोण होती याची एक ओळ, एवढं पुरे.

तिसरं काम खेळाचं. पाच-सहा झाडं झाली की शाळेच्या बाईंना बरोबर घ्या आणि मुलांसाठी कोडं तयार करा. जागेचे आकडे मोबाइलमध्ये दिसतात. उघड्या आकाशाखाली जीपीएसला रिचार्ज लागत नाही, रेंजही लागत नाही. नकाशा पाहायचा असेल तरच नेट लागतं. मोबाइल नको असेल तर पावलांनी मोजा. वडापासून उगवतीकडे अमुक पावलं, तिथून दक्षिणेला तमुक पावलं. खेळ तोच राहतो. पण एक सांगतो, हातातल्या मोबाइलचा आकडा पाच-दहा मीटर इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून डबा कशाजवळ आहे त्याची एखादी खूण कोड्यातच द्या.

डब्याबाबत जगभर जे नियम पाळतात ते आपणही पाळू. जागा ज्याची आहे त्याची परवानगी घ्या. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना आधी सांगा. बेवारस डबा बघून लोक घाबरतात, आणि परदेशात असे डबे बॉम्ब समजून पोलीस बोलावल्याचेही प्रकार झाले आहेत. डबा पारदर्शक असावा, वर ‘हा मुलांचा खेळ आहे’ असं लिहावं. जमिनीत पुरू नका. दगडांच्या सांदीत, बिळाजवळ, विहिरीच्या काठाला ठेवू नका, कारण तिथे लहान हात जाणार आहेत. खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि कुत्री आधी पोहोचतील. आणि डबा आठवणीच्या झाडापासून थोडा लांब ठेवा. झाडापाशी पाटी वाचायची, धावपळ आणि आरडाओरडा दुसरीकडे.

डब्यात एक छोटी वही ठेवा. जो शोधेल त्याने तिच्यात आपलं नाव लिहायचं. आणि नावाखाली एक ओळ, सहा झाडांपैकी कोणाबद्दल आज त्याला नव्याने कळलं. वर्षभराने ती वही ग्रामसंघाच्या सभेत वाचून दाखवा. गावाने कोणाकोणाची आठवण काढली, त्याचं ते इतिवृत्तच असेल.

आपल्या गावात चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत ती जुनी संगमरवरी फरशी असेल, तर तिच्याकडेही एकदा बघा. आकडा वाचा. मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन विचारा, की यातलं एखादं तरी नाव आठवतं का, कोणाच्या घरातला होता, मागे कोण राहिलं. एक नाव जरी मिळालं तरी वहीत लिहा, आणि या पावसाळ्यात त्या नावाचं एक झाड लावा. लावणारीचं नाव लिहायला मात्र विसरू नका.

आज इथेच थांबतो. आपल्या गावातली नावाची झाडं आम्हाला केंद्रावर येऊन सांगा, पुढच्या वेळी ती वाचून दाखवू.